शाळेत मास्क आणि ऑनलाइन वर्ग : उलटसुलट अभ्यासांपैकी कोणाला किती वजन द्यायचं?

चिकित्सक : कोविडसारख्या साथीच्या काळासाठी शाळेच्या नियमांचा मसुदा करायचा आहे. मास्कमुळे फरक पडतो असं एक अभ्यास म्हणतो, पडत नाही असं दुसरा. ऑनलाइन वर्गांचंही तेच. पालकसभेत ‘तज्ज्ञ सांगतात’ एवढ्यावर भागत नाही. अभ्यास पारखायचा कसा?

ताळेबंद : आधी तुलना कोणाशी केली आहे ते बघा. मास्कची सक्ती असलेल्या आणि नसलेल्या शाळांचे आकडे नुसते शेजारी ठेवले, तर लसीकरण, चाचण्या, वस्तीची दाटी असं सगळंच त्यात मिसळतं. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसराचा अभ्यास त्याहून सरस आहे. बॉस्टन ज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्स राज्याने फेब्रुवारी २०२२ अखेर सक्ती उठवली. शाळांच्या ७२ प्रशासकीय विभागांचे आधीचे आणि नंतरचे आलेख ताडून पाहिले, तेव्हा सक्ती उठलेल्या ठिकाणी १५ आठवड्यांत दर हजारी कोविडचे सुमारे ४५ जादा रुग्ण निघाले. पण मास्क कायम ठेवणारे विभाग दोनच होते, आणि चाचण्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं नसेल तर हा आकडा हलतो.

स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या शाळांत ६ वर्षांपासून पुढे मास्क सक्तीचा होता. म्हणून तिथे ५ वर्षांच्या मुलांची ६ वर्षांच्यांशी तुलना झाली. वय वाढेल तसा संसर्ग चढत गेला, आणि मास्क नसलेली ५ वर्षांची मुलं त्या चढणीवर जिथे असायला हवीत तिथेच होती. सक्तीच्या वयाशी आलेख खाली आला नाही.

निरीक्षक : दोन्ही अभ्यासांत मोजला आहे तो नियमाचा परिणाम, मास्कचा नव्हे, आणि गफलत इथेच होते. बांगलादेशातल्या ६०० गावांच्या चाचणीत मास्कचा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेला, तेव्हा लक्षणांसह सिद्ध झालेला संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्कचा परिणाम स्पष्ट दिसला, कापडीचा तितका नाही. हे सगळे प्रौढ होते, त्यामुळे तो आकडा वर्गाला जसाच्या तसा चिकटवू नका.

वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३च्या आढाव्याचा ‘मास्क निरुपयोगी’ असा अर्थ लावला गेला. तो चुकीचा असल्याचं त्यांच्या मुख्य संपादकांनीच जाहीर केलं. उपलब्ध चाचण्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच तो आढावा सांगतो.

नियम करण्याआधी वर्गात तीन वेळा मोजणी करा : सकाळी, मधल्या सुट्टीनंतर आणि शेवटच्या तासाला. नाक झाकलेलं असेल तरच मोजा. हनुवटीवरचा मास्क म्हणजे शून्य. डबा खाताना सगळ्यांचेच मास्क उतरतात, म्हणून त्या वेळी अंतर आणि उघड्या खिडक्या जास्त महत्त्वाच्या.

चिकित्सक : बालवर्गाचं काय?

निरीक्षक : ५ वर्षांपर्यंत सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०२०मध्येच म्हटलं होतं. ते माना.

फळा-खडू : ऑनलाइन वर्गांचा प्रश्न मास्कसोबत एकाच तागडीत टाकू नका. तिथला पुरावा जास्त पक्का आहे. नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम ८ आठवडे बंद होत्या, घरोघरी वेगवान इंटरनेट होतं. तरीही बंदच्या आधी आणि नंतर झालेल्या परीक्षांत मुलं आदल्या वर्षांच्या तुलनेत सुमारे ३ पर्सेंटाइलने (शंभरातल्या क्रमवारीत ३ पायऱ्यांनी) मागे पडली. वर्षाच्या एक पंचमांश अभ्यासाइतकं हे नुकसान, म्हणजे जवळपास बंद होती तेवढ्याच काळाचं. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान याहूनही बरंच मोठं. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण सरासरीत ती मुलं दिसतच नाहीत.

म्हणून शाळा बंद करणं हा शेवटचा उपाय ठेवा. त्याआधी हवा खेळती करा. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वर्गात साठला, की हवा कोंडली आहे हे कळतं. कार्बन डायऑक्साइडचा मीटर बसलेल्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही श्वासापासून लांब ठेवा. वर्ग भरलेला असताना आकडा ८०० पीपीएमखाली (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भागांखाली) राहील इतक्या खिडक्या उघडा. मीटर एनडीआयआर सेन्सरचाच, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा घ्या. स्वस्तातले काही मीटर इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात, सॅनिटायझर फवारला तरी आकडा उसळतो.

आणि मसुद्यात प्रत्येक नियमापुढे तो कधी तपासायचा आणि कोणत्या आकड्याला उठवायचा, हे लिहा.