कर्नाटकातील खासगी सेवाक्षेत्राची साप्ताहिक सरासरी कमाई कोठे पाहावी?

प्रश्न (खानापूर)

माझी धाकटी बहीण बेळगावात खडेबाजारातील एका कापड दुकानात कामाला आहे. पगार महिना १३,००० रुपये. सकाळी साडेनऊला हजर राहायचे, रात्री साडेआठला सुटायचे, मध्ये जेवणाचा एक तास आणि आठवड्याला एक सुट्टी. मालकांशी बोलण्यापूर्वी हा पगार रास्त आहे का हे समजून घ्यावे म्हणून राज्याची सरासरी शोधत होते, तेव्हा अमेरिकेत प्रत्येक राज्यातील खासगी सेवाक्षेत्राची सरासरी साप्ताहिक कमाई प्रसिद्ध होते असे दिसले. कर्नाटकासाठी तसा आकडा मिळतो का, आणि त्याच्याशी तुलना कशी करावी?

उत्तर (टिळकवाडी)

ताई, तंतोतंत तसा आकडा आपल्याकडे निघत नाही. अमेरिकेचे कामगार सांख्यिकी खाते दरमहा आस्थापनांच्या पगारपत्रकांवरून माहिती घेते आणि सरासरी ताशी कमाईला आठवड्याच्या सरासरी तासांनी गुणून हा आकडा काढते. सर्व कर्मचाऱ्यांची राज्यवार मालिका २००७ पासूनची आहे. त्यात कपातीपूर्वीची रक्कम आणि ओव्हरटाइम धरतात, दिवाळी बोनससारखी वर्षातून एकदा मिळणारी रक्कम धरत नाहीत.

आपल्याकडे २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होते, पण ते दुकानात नव्हे, घरी येऊन विचारतात. नियमित पगारदाराला मागील महिन्याची कमाई विचारली जाते, रोजंदारीवर जाणाऱ्याला आठवड्यातील एकेका दिवसाची. वार्षिक अहवालात कर्नाटकाचे आकडे मिळतील, परंतु नियमित पगारदारांच्या त्या सरासरीत सरकारी नोकर आणि कारखान्यातील कामगारही आहेत. छोटी दुकाने, खानावळी यांच्यासाठी असंघटित आस्थापनांचे वेगळे सर्वेक्षण आहे; त्यात पगारी कामगारामागे वर्षाला किती वेतन दिले जाते हे येते, आणि आपल्या बहिणीच्या कामाला तेच अधिक जवळचे आहे.

उत्तर (शहापूर)

मी दुकानांचे पगारपत्रक लिहितो, म्हणून हिशेबापुरते सांगतो. महिन्याच्या पगाराला चाराने भागू नका. ३,२५० येतील आणि ते चूक आहे. बाराने गुणून बावन्नने भागा, म्हणजे आठवड्याचे ३,००० येतात. आता तास मोजा: रोजचे दहा, सहा दिवसांचे साठ, म्हणजे ताशी ५० रुपये. कर्नाटकाच्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात (१९६१) दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा असून त्यापुढील कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. १३,००० हा पगार अठ्ठेचाळीस तासांचा धरला, तर ताशी साडेबासष्ट रुपये होतात आणि वरच्या बारा तासांचे, ताशी १२५ प्रमाणे, आठवड्याला १,५०० रुपये निराळे निघतात. म्हणजे ३,००० च्या जागी ४,५०० रुपये. राज्याची कोणतीही सरासरी पाहिलीत तरी ही तफावत तिच्यात दिसणार नाही. इतके तास काम करवून घ्यायचे आणि त्याची नोंदच ठेवायची नाही, हे आपल्या बाजारपेठेत फार वर्षे चालत आले आहे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर (निपाणी)

वरील हिशेबाशी सहमत आहे. शिवाय राज्याच्या सेवाक्षेत्रात बेंगळुरूचा सॉफ्टवेअर अभियंता आणि गणपत गल्लीतील विक्रेती एकाच सरासरीत मोजले जातात, त्यामुळे त्या आकड्यावरून मालकांशी बोलणे व्यर्थ आहे. त्यापेक्षा कामगार खात्याचा किमान वेतनाचा तक्ता पाहा. दुकानांसाठी तो स्वतंत्र असतो, विभागानुसार दर बदलतात आणि महागाई भत्त्यामुळे दर एप्रिलला आकडा नवा होतो. तक्ता कन्नडमध्ये असेल तर वाचून दाखवणारा सोबत घ्या, पण चालू वर्षाचाच मागा.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. एक शंका राहिली. गणपतीत तिने उचल घेतली होती, त्याचा हप्ता कापून हातात १३,००० पेक्षा कमी येतात. हिशेबाला कोणती रक्कम धरावी?

उत्तर (शहापूर)

१३,००० च धरा. उचल म्हणजे आधी घेतलेला पगार, तो परत जातो म्हणून कमाई कमी होत नाही. ईएसआयचेही (कर्मचारी राज्य विमा योजनेचेही) तसेच: दुकानात दहा किंवा अधिक माणसे असतील तर २१,००० पर्यंतच्या पगाराला तो लागू होतो आणि तिच्या वाट्याचे पाऊण टक्का, म्हणजे साडेसत्त्याण्णव रुपये, कापले जातात, मालकांचा सव्वातीन टक्क्यांचा वाटा मात्र त्यांनी वेगळा भरायचा असतो. तोही तिच्याच पगारातून कापला जात नाही ना, हे पगाराच्या पावतीवर पाहून घ्या.