पैठणीच्या माहितीपटाचं टायटल : अक्षरं हलली की मात्रा सुटतात
प्रश्न : आफ्टर इफेक्ट्समध्ये (अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) ‘पैठणचे विणकर’ हे नाव अक्षराअक्षरानं वर आणायचंय. ‘वि’ची वेलांटी आधीच पळते, शिरोरेषेला भेगा पडतात. काय करावं?

उत्तर १ : भाऊ, आधी प्रेफरन्सेस, टाइप इथं ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ टेक्स्ट इंजिन (देवनागरी नीट जुळवणारी सोय) दिसत असेल तर निवडा आणि नाव नव्या लेयरवर टाइप करा. फॉन्ट युनिकोडच हवा, मुक्ता चालेल. मग ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’नं अक्षरांचे आकार करून ‘वि’, ‘पै’ असे गट हातानं बांधा. अक्षरं आठच आहेत, कंटाळू नका.

उत्तर २ : भेगांचं मूळ वेगळं आहे. शिरोरेषा प्रत्येक अक्षराची स्वतंत्र असते, त्यामुळं सांध्यात केसाएवढी फट दिसते. अक्षरांवरची रेघ मास्कनं कापा आणि शब्दागणिक एकच रेघ शेप लेयरवर काढा, अक्षरांत २ पिक्सेल घुसवून. ट्रिम पाथ्सनं (रेघ हळूहळू उमटवणारी सोय) ती १२ फ्रेममध्ये आडवी धावू द्या, विणकामातल्या बाण्यासारखी, म्हणजे आडव्या धाग्यासारखी. अक्षरं ३-३ फ्रेमच्या अंतरानं खालून येऊ द्या.

उत्तर ३ : फक्त ओपॅसिटीनं फेड करू नका हो, घुसवलेल्या जागी गडद पट्टा उमटतो. मॅट, म्हणजे अक्षरं झाकून उघडणारा दुसरा लेयर, वापरा.