डिझेल एसयूव्ही पाणी खातेय, गळत मात्र कुठेच नाही. इंजिनाचं हेड घरीच उतरवू का?

भांडुपचा संगमेश्वरकर

नमस्कार मंडळी,

गाडी २०१२ ची, २.२ लिटर डिझेल, टर्बो, कॉमन रेल, प्रदूषणाच्या बीएस-४ निकषाची. चार वर्षांपूर्वी मीरा रोडच्या एका गृहस्थांकडून घेतली तेव्हा ९४ हजार किमी झाले होते, आज १ लाख ३८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वयात कुठल्याही गाडीला होईल असं हे दुखणं आहे, आणि नाव आलं की चर्चा तिकडेच जाते.

मे महिन्यात गावाला निघालो होतो. पोलादपूर सोडून कशेडीच्या चढाला लागलो आणि टेंपरेचरचा काटा मध्यावरून सरकायला लागला. लगेच बाजूला घेतली. पाऊण तास थांबून, बोनेट गार झाल्यावर बघितलं तर कूलंटची बाटली रिकामी. दीड लिटर पाणी घातलं आणि हळूहळू गाव गाठलं. तेव्हापासून दर ३०० किमीला अर्धा लिटर पाणी जातंय. रात्रभर खाली पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी कोरडा ठणठणीत. होसपाईप, रेडिएटर, वॉटर पंप, सगळीकडे हात फिरवून बघितलं, ओल नाही. सकाळी पहिल्यांदा चालू केली की दोन मिनिटं पांढरा धूर येतो.

आमच्या इथल्या गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडलं. आतून पिवळट पांढरी साय जमली होती. तो म्हणाला हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील, गेलं, ६८ हजार, आणि हेडला चीर निघाली तर वेगळे.

मी आयटीआयचा टर्नर, अंधेरी एमआयडीसीत २० वर्षं सीएनसीवर आहे. मोजमाप, मायक्रोमीटर, टॉर्क पाना हे माझं रोजचंच. इंजिन मात्र कधी उघडलेलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मागच्या मोकळ्या जागेत रविवारी काम करायला परवानगी दिलीय, तेल सांडायचं नाही या अटीवर. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून ते लोकलच काय, कोकणकन्येचा डबाही चढू शकत नाहीत. या गाडीत वाकून बसावं लागत नाही म्हणून ही घेतली होती. गणपतीला त्यांना गावी न्यायचंय, हातात सहा रविवार आहेत. हेड उतरवायला घेऊ का? कुठून सुरुवात करू?

---

जुना फिटर, वडाळा

बेस्टच्या डेपोत ३१ वर्षं इंजिनावर काढली. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

हेडला हात लावू नकोस. अजून नाही. तुझ्याकडे तीन खुणा आहेत आणि तिन्हींचा दुसरा अर्थ निघतो.

झाकणाखालची साय बघून हेड गॅसकेट ठरवायचं नसतं. पावसाळ्यात मुंबईची हवा ओली, त्यात गाडी स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर गेली आणि परत आली, तर ऑइल पुरतं तापतच नाही. आतला दमट वाफारा वर गार झाकणाला धरतो आणि साय होते. डिपस्टिक बाहेर काढ, तिच्यावरचं ऑइल बघ. ते काळंशार असेल तर बरं. चहासारखं गढूळ असेल तर काळजी. शंका राहिली तर जुना तवा घे, चांगला तापव, गॅस बंद कर आणि डिपस्टिकवरचा एक थेंब त्यावर सोड. ऑइलमध्ये पाणी असेल तर तडतडतं, मोहरीसारखं. नुसता धूर निघाला तर पाणी नाही. चेहरा लांब ठेव.

धुराचा वास घे. डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास आला तर डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे बघायचं. गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. तू कशेडीला नुसतं पाणी भरलंस, आता वास फिका असेल, म्हणून आधी ५०:५० कूलंट भर. मुंबईत बर्फ पडत नाही म्हणून लोक नळाचं पाणी घालतात. पण कूलंट गंज धरू देत नाही आणि पाण्याचा उकळबिंदू वर नेतं, आपल्याला ते त्यासाठीच लागतं. त्यात घालायचं पाणी डिस्टिल्डच.

पुढे प्रेशर टेस्ट. बाटलीचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी समज. कुकरमध्ये दाब हवेपेक्षा साधारण १ बारने वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी १२० डिग्रीला उकळतं, इथेही तेच चालतं. झाकणाचं रबर मेलं तर दाब टिकत नाही आणि चढाला पाणी उकळून उडतं. तुझ्या झाकणावर आकडा असेल, १.१ वगैरे. इंजिन पूर्ण गार असताना झाकणाच्या जागी हातपंपाचा टेस्टर लाव आणि तेवढाच दाब भर, जास्त नको. अर्धा तास बघ. काटा पडतोय आणि बाहेर थेंब नाही, तर पाणी आत जातंय.

आत म्हणजे हेड गॅसकेटच असं नाही. तुझी गाडी बीएस-४ आहे. धुरातला काही भाग परत इंजिनात पाठवतात, त्याला ईजीआर म्हणतात, आणि तो धूर थंड करायला पाण्याचा कूलर असतो. त्यातल्या पातळ नळ्या वर्षानुवर्षं गरम-गार होऊन चिरतात. मग बंद गाडीत दाबाने कूलंट धुराच्या वाटेत उतरतं आणि सकाळी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. ऑइल स्वच्छ, खाली थेंब नाही, सकाळी पांढरा धूर. डिपस्टिकवरचं ऑइल ठीक निघालं तर तू लिहिलंयस ते याच्याशी जुळतं. हेडचं दुखणं असतं तर बहुधा रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होस सकाळीही कडक लागला असता, कारण सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो. तो होस सकाळी चालू करायच्या आधी दाबून बघ आणि कळव.

एक ताकीद. ईजीआरमधून पाणी इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेत, साठलं आणि सिलिंडरात गेलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून खात्री होईपर्यंत गाडी कमी चालव. आणि गरम असताना झाकण उघडू नकोस. एक पोरगा हातापासून गळ्यापर्यंत भाजलेला मी डेपोत पाहिलाय.

---

पार्किंग नंबर ७

दादा, एवढा जीव कशाला लावता? २०१२ ची गाडी, २०२७ ला पंधरा वर्षं होतील. मग फिटनेस, आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू, वर ग्रीन टॅक्स. आत्ता विकून टाका, काहीतरी हातात येईल.

---

डोंबिवलीचा ओव्हरटाइम

विकू नका, पण फिटरकाकांचं ऐका. मी दोन वर्षांपूर्वी खरोखर हेड उतरवलंय, घरी, आणि माझं गॅसकेट खरंच गेलं होतं. तुमची वेळ तिथपर्यंत आलीच तर काही गोष्टी सांगतो, कारण मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

डिझेलचं हेड गॅसकेट एकाच जाडीचं येत नाही. काठावर खाचा असतात, एक, दोन, तीन. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून कुठली जाडी ते ठरतं. मी जुन्याच्या खाचा न मोजता ते फेकून दिलं आणि परत सगळं मोजत बसलो. तुम्ही टर्नर आहात, तुम्हाला हे जड नाही.

बोल्ट बहुतेक गाड्यांना ताणले जाणारे असतात, एकदा खोलले की नवेच घालायचे. आधी टॉर्क, मग अंश मोजून फिरवायचे, मधून बाहेर. खोलताना बाहेरून मध्ये. बोल्टच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक चिरू शकतो, प्रत्येक भोक कोरडं करा.

आणि गंज. मी शनिवारी रात्री हेड उतरवून झोपलो, बाहेर पाऊस. रविवारी सकाळी सिलिंडरच्या भिंतीवर लालसर झाक. लोखंड उघडं पडलं की ओल्या हवेत एक रात्र पुरते. लगेच ऑइलचा हात फिरवा आणि झाकून ठेवा.

पाने, फिलर गेज नागदेवी स्ट्रीटला घ्या. गॅसकेट, बोल्ट पार्ट नंबर बघूनच.

---

विक्रोळीची मांजरवाली

तुमच्या इंजिनातलं मला फार कळत नाही, पण एक कळकळीची विनंती. कूलंट जमिनीवर सांडू देऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या निकामी होऊन मरतात. आमच्या पार्किंगमधली बोकी, आम्ही तिला तीन वर्षं वाढवली होती, दोन दिवसांत गेली. डॉक्टर म्हणाले थोडंसं पोटात गेलं तरी पुरतं. खाली टब ठेवा, झाकण लावून कॅनमध्ये भरा, सांडलंच तर मातीने टिपा, ती माती पिशवीत भरून बाजूला काढा आणि जागा पाण्याने धुऊन घ्या.

---

भांडुपचा संगमेश्वरकर

काका, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. तीन रविवार गेले म्हणून उशिरा लिहितोय.

तवा आईने दिला, तोही तो आता परत स्वयंपाकघरात येणार नाही असं बजावून. थेंब टाकला, नुसता धूर निघाला, तडतड नाही. डिपस्टिक काळीशार. सकाळी सहाला खाली उतरून वरचा होस दाबला, मऊ. धूर कूलंट भरल्यावर गोड वास द्यायला लागला, बाबांनीच आधी ओळखला.

टेस्टर कंपनीतल्या एका मित्राकडून आणला. १.१ वर पंप केला. वीस मिनिटांत काटा ०.८ वर, खाली पुठ्ठा कोरडा. मग ईजीआर व्हॉल्व्हकडचा पाईप खोलला. आतली काजळी कोरडी, भुकटीसारखी असायला हवी ना, ती बोटाला ओल्या चिखलासारखी लागली, आणि चिखलात हिरवी झाक होती. टॉर्च धरून मी पाच मिनिटं बघतच राहिलो. ६८ हजारांचं हेड उतरवायला निघालो होतो आणि पाणी जात होतं ते या वितभर डब्यातून.

तरी काकांची शिस्त म्हणून घाई केली नाही. कूलर काढला, पाण्याच्या एका तोंडाला बूच लावलं, दुसऱ्यात सायकलचा पंप, आणि बादलीत बुडवला. धुराच्या तोंडातून बुडबुडे आले, बारीक, ओळीने.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना कूलर मिळत होता, चौथ्या हिश्श्यात. घेतला नाही. तो किती वेळा गरम-गार झालाय ते कोणाला ठाऊक. नवा मागवला, गॅसकेटं आणि कूलंट धरून साडेनऊ हजार. कोणी म्हणालं ईजीआरला पत्रा मारून बंदच कर. मन झालं नाही. त्या धुरात माझ्याच बिल्डिंगमधली पोरं खेळतात.

ताई, कूलंट टबात काढलं, एक थेंब खाली गेला नाही. मुलीला शेजारी उभी करून ठेवली होती मांजरांना हाकलायला.

पार्किंग नंबर ७ दादा, तुमचं पैशाचं गणित चुकीचं नाही. पण नव्या गाडीचे हप्ते मला आज झेपत नाहीत, आणि बाबांना या सीटची सवय झालीय. २०२७ ला ग्रीन टॅक्स भरीन.

गाडी आता २८० किमी चालली. सकाळचा धूर गेला. काटा मध्यावर. पण बाटलीतली पातळी खुणेच्या बोटभर खाली आलीय. काका, परत कुठे जातंय की काय?

---

जुना फिटर, वडाळा

शाब्बास. बोटभर म्हणजे हवा निघाली असेल. सिस्टीम उघडली की कोपऱ्यांत हवा अडकते आणि चालवताना हळूहळू बाहेर येते, तिची जागा पाणी घेतं. गार असताना खुणेपर्यंत भर. गाडी चढावर नाक वर करून उभी कर, हीटर फुल्ल गरमवर ठेव, झाकण काढून चालू कर आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, उघडेपर्यंत थांब. बुडबुडे थांबले की झाकण लाव. झाकण काढून उभं राहायचं ते गार इंजिनापासूनच, मध्येच गरम असताना उघडायला जाऊ नकोस.

नंतर पुन्हा ३०० किमी. पातळी हलली नाही तर काम झालं. हलली तर पुन्हा टेस्टर लाव. होसच्या क्लिपा एकदा आवळून घे, रबर गरम होऊन बसतं.

निघायच्या आधी कशेडीइतका चढ इथे हवा असेल तर बोरघाट आहे. एकटा जा, बाबांना पुढच्या फेरीला ने.

---

भांडुपचा संगमेश्वरकर

काका, काल खोपोलीवरून जुन्या घाटाने लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो, एसी लावून. काटा हलला नाही. आज सकाळी गार इंजिनाला बघितलं, पातळी खुणेवर. टेस्टर मित्राला परत केला. आम्ही चतुर्थीच्या तीन दिवस आधी पहाटे चारला निघतोय.