आईची साखर, दालचिनीच्या कॅप्सूल आणि प्रीबायोटिक पावडर: पुढे चालू ठेवावे का?

प्रश्न: कृष्णाकाठ

माझी आई ६३ वर्षांची असून तिला अकरा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. तिचे वजन ५८ किलो आहे. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आणि न्याहारीपूर्वी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम अशी तिची औषधे चालू आहेत. सप्टेंबरमधील तपासणीत एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.८ आले होते.

दिवाळीला पुण्याहून आलेल्या माझ्या भावाने तिच्यासाठी दोन डबे आणले. एकात दालचिनीच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आहेत आणि त्या दिवसाला चार घ्यायच्या आहेत. दुसऱ्यात प्रीबायोटिक फायबरची पावडर असून तिचा ५ ग्रॅमचा एक चमचा दोन वेळा पाण्यातून घ्यायचा आहे. दोन्हींचा खर्च महिन्याला सुमारे १,८०० रुपये येतो. भाऊबीजेच्या दिवशी घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची साखर १५८ होती, ती तीन आठवड्यांनी १३८ झाली, म्हणून घरात सगळे खूश आहेत. मात्र याच काळात आईचे पोट संध्याकाळी फुगते, सतत गुडगुडते आणि वारा सरतो. संकोचामुळे तिने गुरुवारच्या भजनाला जाणेही बंद केले आहे. भावाचे म्हणणे असे की आतडे साफ होत असल्यामुळे हा त्रास होतो, तो आपोआप थांबेल आणि महिनाभराने ग्लिमेपिराइड बंद करता येईल. हे शेवटचे वाक्य ऐकून मला भीती वाटली. या दोन गोष्टींचा नेमका उपयोग काय आणि धोका काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: आहारकट्टा

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आपली भीती रास्त आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न कमी असले तरी ते आपले काम करीत राहते. त्यामुळे ते मनाने बंद करणे जसे चुकीचे, तसेच साखर कमी करणारी आणखी एखादी गोष्ट डॉक्टरांना न सांगता त्याच्या जोडीला देणेही योग्य नाही. आईंना एकाएकी घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडले किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर लगेच साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी.

आता पोटाविषयी. प्रीबायोटिक म्हणून, म्हणजे आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य म्हणून, विकल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये बहुतेक वेळा चिकोरीच्या मुळापासून काढलेले इन्युलिन असते. ते लहान आतड्यात पचत नाही आणि जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचते, जिथे जिवाणू ते आंबवतात. या आंबण्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांतील ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. मात्र त्याच प्रक्रियेत वायूही तयार होतो. आधी फारसे इन्युलिन पोटात जात नसलेल्या व्यक्तीला पहिल्याच दिवसापासून १० ग्रॅम दिल्यास पोट फुगणारच. त्यात साफ होण्यासारखे काही नसते. शिवाय मेटफॉर्मिननेही अनेकांना गॅस होतो, त्यामुळे दोन्हींचा त्रास एकत्र झालेला असू शकतो.

इन्युलिन निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. त्याने बिफिडोबॅक्टेरिया हे आतड्यातील उपयुक्त जिवाणू वाढतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि रोज १२ ग्रॅम चिकोरी इन्युलिनने शौच नियमित होण्यास मदत होते, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मान्य केला. आईंना बद्धकोष्ठ असेल तर या पावडरीचा विचार करता येईल. पावडर आठवडाभर पूर्ण थांबवावी. पोट शांत झाल्यावर हवी असल्यास अर्ध्या चमच्याने, दिवसातून एकदाच, पुन्हा सुरू करावी.

दालचिनीविषयी येथील इतर सदस्य सांगतीलच. डब्यावर तिचे शास्त्रीय नाव काय छापले आहे, ते कृपया पाहून लिहावे.

उत्तर: माडबाग

मी दापोली तालुक्यातला बागाईतदार आहे. आमच्याकडे माड-सुपारीच्या सावलीत जायफळ आणि मिरीबरोबर दालचिनीचे आंतरपीक आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही तिची जात इकडे बरीच लावली जाते. हे झाड सिलोन दालचिनीच्या कुळातले आहे. वाण्याकडे जी जाड, तांबूस आणि कडक साल मिळते ती बहुधा कॅसिया ही दालचिनीची दुसरी जात असते. तिचा माल व्हिएतनाम, चीन आणि इंडोनेशियातून येतो.

अख्खी साल हातात असेल तर ओळखणे अवघड नाही. खरी, म्हणजे सिलोन दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, एकात एक गुंडाळलेली असते आणि बोटांनी चुरता येते. कॅसियाची एकच जाड साल दोन्ही कडांनी आत वळलेली असते आणि मोडताना टचकन आवाज येतो. दळल्यानंतर मात्र आमच्यासारख्यांनाही नजरेने खात्री देता येत नाही, मग कॅप्सूलमध्ये भरलेल्या भुकटीची काय कथा. चवीने थोडा अंदाज येतो: कॅसिया जिभेला झोंबते, आमची साल गोडसर लागते.

कृष्णाकाठ

डबा पाहिला. बारीक अक्षरांत ‘सिनॅमोमम कॅसिया, सालीचे चूर्ण’ असे लिहिले आहे. पावडरीत ‘चिकोरी इन्युलिन’ आहे. दोन्ही डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळही इंग्रजीत छापली आहे; ती भावाने वाचली नव्हती.

उत्तर: शंकासुर

ती ओळ कायद्याने छापावीच लागते. आपल्याकडे अशी पूरके अन्न म्हणून परवाना घेऊन विकली जातात. ती बाजारात आणण्याआधी एखाद्या औषधाप्रमाणे परिणाम सिद्ध करून दाखवावा लागत नाही.

कॅसिया असल्याचे कळल्यावर एक हिशेब करावासा वाटतो. तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य असते आणि ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेल्यास काही जणांच्या यकृताला अपाय होतो. युरोपात ठरवलेली मर्यादा दर किलो वजनामागे रोज ०.१ मिलिग्रॅम इतकी आहे, म्हणजे ५८ किलोच्या व्यक्तीला ५.८ मिलिग्रॅम. कॅसियाच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३ मिलिग्रॅमच्या आसपास कुमारिन धरले, तर चार कॅप्सूलमधील २ ग्रॅममधून ६ मिलिग्रॅम जाते. म्हणजे मसालेभाताची आणि काढ्याची दालचिनी बाजूला ठेवली तरी आपल्या आई मर्यादेवर उभ्या आहेत, आणि हे रोजचे आहे. थोड्या दिवसांसाठी मर्यादा ओलांडली गेल्याने काही बिघडत नाही, तेव्हा तीन आठवड्यांबद्दल घाबरू नये. वर्षानुवर्षे घेण्याची वस्तू मात्र ही नव्हे. कुमारिनमुळे रक्त पातळ होते, हा समज नावाच्या साधर्म्यातून आलेला आहे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन हे औषध त्या रसायनाच्या कुळातले असले, तरी दालचिनीतील कुमारिनची खरी चिंता यकृताची आहे.

साखरेवरील परिणामाबाबत इतकी चर्चा सुरू झाली ती २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातील एका अभ्यासामुळे. त्यात टाइप २ मधुमेहाच्या ६० रुग्णांना रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी किंवा नुसतीच निष्क्रिय कॅप्सूल ४० दिवस दिली, आणि दालचिनीच्या गटांत उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी घटली. ही बातमी जगभर गेली. पुढील चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहीत. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये १० चाचण्यांतील ५७७ रुग्णांचा आढावा घेऊन दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. २०१३ च्या दुसऱ्या एकत्रित विश्लेषणात उपाशीपोटीची साखर सरासरी २५ अंकांच्या (टक्के नव्हे) आसपास घटलेली दिसली, पण एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. डॉक्टर औषध ठरवताना दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या याच आकड्याकडे पाहतात.

राहिला आपल्या घरच्या १५८ आणि १३८ चा प्रश्न. ग्लुकोमीटरला मान्य मापदंडानुसारही १५ टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा आहे, म्हणजे १५८ च्या ठिकाणी सुमारे २४ अंक. आपला फरक २० चा आहे. त्यातही पहिले मोजमाप भाऊबीजेचे, करंजी-शंकरपाळ्यांच्या ऐन भरातले, आणि दुसरे डबे रिकामे झाल्यावरचे. श्रेय दालचिनीला द्यायचे की फराळ संपल्याला, हे या दोन आकड्यांवरून कोणालाच सांगता येणार नाही.

उत्तर: न्यूजर्सीतून

थोडे विषयांतर वाटेल, पण दळलेली दालचिनी घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेत २०२३ च्या शरद ऋतूत लहान मुलांसाठीच्या, दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांतून शिसे रक्तात गेल्याचे प्रकरण उघड झाले. दालचिनीत लेड क्रोमेट मिसळलेले निघाले. त्यानंतर २०२४ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, दुकानांतील दळलेल्या दालचिनीच्या काही ब्रँडांत जास्त शिसे आढळल्याने ते न वापरण्याचा इशारा दिला. आम्ही तेव्हापासून अख्खी साल आणून घरीच कुटतो.

उत्तर: आहारकट्टा

शंकासुर यांचा हिशेब योग्य आहे. माझ्या मते कॅप्सूल बंद कराव्यात. स्वयंपाकात चवीपुरती दालचिनी वापरण्यास हरकत नाही.

तंतूंचा (फायबरचा) मुद्दा मात्र सोडू नये, कारण मधुमेहात त्याचे महत्त्व दालचिनीपेक्षा कितीतरी अधिक आहे. प्रौढांनी अन्नातून रोज किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. आईंच्या रात्रीच्या जेवणात भाताऐवजी मध्यम आकाराची एक भाकरी आली, तर ५ ग्रॅमच्या आसपास तंतू तिथेच मिळतात, म्हणजे वजनाने त्या पावडरीच्या एका चमच्याइतके. येथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की हे दोन्ही तंतू एकाच जातीचे नाहीत: ज्वारीतील बराचसा भाग पाण्यात न विरघळणारा असतो, तर इन्युलिन विरघळते आणि जिवाणू ते चटकन आंबवतात. आंबणाऱ्या तंतूंसाठी कांदा आणि लसूण आपल्या रोजच्या फोडणीत आहेतच, त्याला मोड आलेल्या कडधान्यांची जोड द्यावी.

आजकाल गार करून पुन्हा तापवलेल्या भाताचाही फार बोलबाला आहे. ताज्या भातात १०० ग्रॅममागे प्रतिरोधक स्टार्च, म्हणजे लहान आतड्यात न पचणारा स्टार्च, सुमारे ०.६ ग्रॅम असतो. तोच भात २४ तास फ्रिजमध्ये ठेवून तापवला तर तो सुमारे १.६ ग्रॅम भरतो, असे एका अभ्यासात आढळले. म्हणजे लाभ एका ग्रॅमचा. त्यासाठी भात रात्रभर ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे, कारण त्यात बॅसिलस सेरियस हा विषबाधा करणारा जिवाणू वाढतो.

पूरकच द्यायचे असेल तर मी मधुमेहींना इन्युलिनपेक्षा इसबगोल आधी सुचवते. ते आतड्यात फारसे आंबत नाही, त्यामुळे गॅस कमी होतो (काटेकोर अर्थाने त्याला प्रीबायोटिक म्हणता येणार नाही, हा त्याचा दोष मानायचा की गुण, ते आपणच ठरवावे). त्याचा पाण्यात होणारा बुळबुळीत गोळा अन्नातील साखरेचे शोषण मंदावतो, म्हणून ते जेवणाच्या लगेच आधी घ्यावे. सुरुवात एका लहान चमच्याने आणि मोठ्या पेलाभर पाण्याने करावी. कोरडे किंवा कमी पाण्यात घेतल्यास ते घशात अडकू शकते. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळा असेल तर देऊ नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. संत्र्याच्या स्वादाच्या पुड्यांत साखर असू शकते, तेव्हा साधा, बिनस्वादाचा सत इसबगोल घ्यावा. सुरू करण्यापूर्वी ग्लिमेपिराइडचा उल्लेख करून डॉक्टरांना जरूर विचारावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काल डॉक्टरांकडे दोन्ही डबे घेऊन गेलो. त्यांनी कॅप्सूल बंद करायला सांगितल्या, पावडर सध्या थांबवली आणि गोळ्या आहेत तशाच ठेवल्या. सप्टेंबरनंतर तीन महिने होत आल्याने एचबीए१सी पुढच्या आठवड्यात करायचे आहे; त्याच्याबरोबर यकृताची तपासणी आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असल्याने बी१२ सुद्धा लिहून दिले आहे. इसबगोलचा निर्णय अहवाल पाहून घेऊ असे ते म्हणाले. भावाला शंकासुर यांचे उत्तर वाचून दाखवले. करंजीच्या वाक्यावर तो हसला, पण अहवाल येईपर्यंत आपले मत बदलायला तयार नाही. पावडर थांबवून पाच दिवस झाले आहेत. आईचे पोट बरेच हलके झाले असून या गुरुवारी ती भजनाला जाऊन आली.