‘डिझेलवर शुल्क म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय’ : कोणत्या गरिबाच्या?

खिडकीबंद
काल या मंचावर एकाने लिहिलं की जुन्या डिझेल गाड्यांकडून शहरात शिरायचे पैसे घेणं म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय, आणि हवेचा बाऊ हे एसीत बसणाऱ्यांचं खूळ. त्यावर वाहवा करणाऱ्यांची ही रांग! रात्री झोप लागेना म्हणून लिहितेय.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, बरोबर खाली सिग्नल. सिग्नल सुटला की सगळे एकदम रेस करतात आणि काळा लोट गॅलरीत. दोरीवरून काढलेल्या पांढऱ्या शर्टावर बोट फिरवलं तर बोट काळं. मुलीला दमा आहे. एक पंप दप्तरात, एक उशाशी. एसी नाही हो आमच्याकडे. मग गरीब कोण, ज्याच्या नावावर गाडी आहे तो, की ज्याच्या खिडकीत तिचा धूर येतो तो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्यांत टाकलं, तंबाखूच्या पंगतीला. लंडनने २०१९ मध्ये मध्यवर्ती भागात शुल्क लावलं आणि २०२३ पर्यंत सगळ्या शहरभर नेलं. गाडी निकषात बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड, नंबरची पाटी कॅमेरा वाचतो. आभाळ कोसळलं नाही.

पहाटेचा टेम्पो
ताई, पंगत छान वाढलीत. आता माझं पान बघा. टेम्पो सेकंडहँड घेतलेला, दोन वर्षांचे हप्ते बाकी. पहाटे चारला माल भरतो, तुम्ही उठायच्या आत शहरात उतरवून परत. मुलीचा पंप ज्या खोक्यातून दुकानात येतो ते खोकं कोण आणतं? शुल्क लावा, मी भाड्यात चढवतो, दुकानदार पंपाच्या किमतीत चढवेल. फिरून तुमच्याच खिशात हात.

आणि लंडनचं कौतुक सांगू नका. तिथे जुनी गाडी मोडीत काढायला पैसे दिले, ते सांगायचं विसरलात.

खिडकीबंद
विसरले नाही. पण ते पैसे आधी ठरावीक लोकांनाच होते, सगळ्या लंडनकरांना २०२३ मध्ये खुले झाले, तेही ओरडा झाल्यावर. तुम्ही ओरडा की त्यासाठी, मी पण येते. ‘शुल्कच नको’ म्हणून कशाला ओरडता?

कागदी वाघ
मुळात गाडीच्या वयाचं खूळ आधी सोडा. दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल गाडी बंद, हरित लवादाचा आदेश २०१५ चा, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला. २०२५ च्या जुलैत पंपावर तेल द्यायचं बंद केलं, काही दिवसांत गुंडाळलं, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयानेच कारवाई तात्पुरती थांबवायला सांगितलं. का? कारण दहा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर चाललेली गाडी भंगारात आणि तीन वर्षांत तीन लाख पळालेली टॅक्सी पवित्र, हे कुणाला पटणार?

जर्मनीतल्या हॅम्बुर्गने २०१८ मध्ये दोन रस्त्यांच्या तुकड्यांवर जुन्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. गाड्यांना शेजारच्या रस्त्यांनी वळसा. धूर तोच, नाक दुसऱ्याचं.

पायी चालणारा
धूर राहू द्या, हॉर्नचं काय? आणि इलेक्ट्रिक गाड्यांची टायरं झिजत नाहीत का? वजन जास्त, धूळ...

कागदी वाघ
हॉर्नसाठी वेगळा धागा काढा, पाया पडतो.

तेरा नंबर पाना
गॅरेज आहे माझं, म्हणून बोलतो. तुम्ही सगळे काळ्या धुरावर भांडताय. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, ते वायू दिसतच नाहीत. त्यांची युरो ६ या युरोपच्या प्रदूषण नियमातली मर्यादा किलोमीटरला ८० मिलिग्रॅम, ती सुरुवातीला फक्त प्रयोगशाळेत पाळली जायची. २०१५ ला फोक्सवॅगन पकडली गेली तेव्हा कळलं की गाडी ‘माझी परीक्षा चालू आहे’ हे ओळखून सभ्य वागत होती.

आणि डीपीएफ, म्हणजे डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर. साठलेली काजळी जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. हमरस्त्यावर ताणली तर आपोआप जळते. सिग्नल ते सिग्नल चालवली की चोक. दिवा लागतो, गाडी ओढत नाही, नवीन फिल्टरचा भाव ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, ‘काढून टाका हो’. डबा कापायचा, आतली जाळी फोडायची, पोकळ डबा परत वेल्ड. बाहेरून बघाल तर फिल्टर जागेवर.

खिडकीबंद
आणि चाचणीत पास?

तेरा नंबर पाना
आरामात. पाइपात नळी घालून ॲक्सिलरेटर दाबतात, धुराचा गडदपणा बघतात. नवीन इंजिनाचा धूर फिल्टर नसतानाही फिका. कण मोजले तरच सापडतं. बेल्जियमने २०२२ ला ते सुरू केलं, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ ला.

कागदी वाघ
एवढं बारकाईने माहीत आहे म्हणजे तुम्हीच कापता.

तेरा नंबर पाना
तोंड सांभाळून बोला.

कागदी वाघ
‘नाही’ म्हणालात का?

पहाटेचा टेम्पो
अहो त्यांना काय धरता, दिवा लागला की कंपनीचं सर्व्हिस सेंटर काय बिल काढतं ते तुम्ही कधी भरलंय? माझ्या गाडीला फिल्टरच नाही, जुनी आहे ना! पण इंजेक्टर वेळेवर साफ, धूर काढून दाखवा. तरी शुल्क मला, आणि डबा कापलेली चकाचक गाडी फुकटात आत. वा रे न्याय!

खिडकीबंद
दादा, फिल्टर नाही म्हणजे सगळं बाहेर येतंय, दिसो वा न दिसो. पण बरं, एवढं मान्य करते की पाटीवरून शुल्क ठरवलं तर कागद स्वच्छ असणारा सुटतो. आधी पाइपाशी कण मोजा, मग पैसे मागा. झालं समाधान?

पहाटेचा टेम्पो
अर्धं. तुम्ही ‘दादा’ म्हणालात म्हणून अर्धं. बाकीचं, हप्ते फिटल्यावर.

तेरा नंबर पाना
कापले आहेत. दोन. दोन्ही वेळा माणूस गाडी उभी करून रडायच्या बेतात होता. त्यानंतर सरळ नाही म्हणतो, शेजारचा करून देतो.

खिडकीबंद
मालक कोण ते विचारत नाही. गाड्या अजून चालू आहेत का?

तेरा नंबर पाना
एक विकली. दुसरी चालू आहे. शाळेची व्हॅन.

पहाटेचा टेम्पो
घ्या. कागदावर युरो ६ असेल, शुल्क शून्य. पावती फाडा माझी.