आरक्षण ‘पडतं’, पण ‘उठवतात’ : जागेच्या वापराचे शब्द

विचारणा

गेल्या महिन्यात आईच्या नावावरच्या घरजागेचा झोन दाखला काढला, म्हणजे सरकारी नकाशात त्या जागेचा वापर काय ठरवला आहे याचा कागद. गाव नगरपरिषदेचं आणि राहत्या घरांचं. एक पेठ, एक एसटी स्टँड, बाकी सगळ्या कॉलन्या. दाखल्यात कामाचं वाक्य एकच होतं : ‘सदर मिळकत मंजूर विकास योजनेनुसार रहिवास विभागात समाविष्ट असून पूर्वेकडील काही भाग १२ मीटर रुंद विकास योजना रस्त्याने बाधित होत आहे.’ सोबत भाग नकाशा. पिवळ्या रंगावर दोन समांतर रेघा, आणि त्यातली एक बरोबर आमच्या तुळशीवृंदावनावरून.

आई म्हणाली, “म्हणजे काय झालं?” मी म्हटलं, “आपल्यातनं रस्ता गेलाय.” ती खिडकीतून पूर्वेला बघत म्हणाली, “कधी गेला?”

तिथे रस्ता नाही. शेवग्याचं झाड आहे, धुण्याचा दगड आहे. तरी ‘रस्ता गेलाय’ हे मी किती सहज म्हणून गेले! तेव्हापासून या विषयातली क्रियापदं मी टिपून ठेवते आहे. रस्ता जातो. घर रस्त्यात जातं. आरक्षण पडतं, म्हणजे जागा बागेसाठी, शाळेसाठी राखली जाते. जमीन पिवळ्यात (रहिवासात) येते, हिरव्यात (शेतीत) राहते, एनए (बिनशेती) होते. या सगळ्यांत करणारा कोणी नाही. पाऊस पडतो, दरड कोसळते, तसंच आरक्षण पडतं.

मात्र आरक्षण निघतं तेव्हा आपण काय म्हणतो? ‘त्या जागेवरचं आरक्षण उठवलं.’ तिथे लगेच प्रयोजक क्रियापद येतं. उठवणारा कोणीतरी आहे हे मराठी माणसाला पक्कं ठाऊक असतं. मग टाकणारा कोणी नव्हता का? तुमच्याकडे काय म्हणतात, ते सांगा. मला हा नुसता व्याकरणाचा प्रश्न वाटत नाही.

सांगलीहून

ताई, आमच्याकडं ‘आरक्षण टाकलं’ असंही सर्रास म्हणतात. पण तुमचं बोलणं वाचल्यावर लक्षात आलं, की ‘टाकलं’ हे रागानं म्हणतात. ‘मुद्दाम टाकलंय आमच्यावर.’ शांतपणे सांगताना ‘पडलंय’च येतं.

आमच्या भागातला खास शब्द म्हणजे गुंठेवारी. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एकर. ‘वारी’ हा प्रत्यय आणेवारी, टक्केवारीतला. मूळ अर्थ साधा, गुंठ्याच्या हिशेबानं विक्री. शेताला रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दगड लावायचे, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट सोडायची आणि स्टँपपेपरवर विकायचं. रेखांकनाला (लेआउटला) मंजुरी नाही, बिनशेती नाही. गिरणीत, हमालीत, घरकामात राबणाऱ्यांना परवडणारी जागा तेवढीच होती, म्हणून त्यांनी घेतली.

२००१ मध्ये अशा वसाहती नियमित करायचा कायदा आला आणि गुंठेवारी हा शब्दच कायद्याच्या नावात गेला. १ जानेवारी २००१ ही त्यातली मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं आली. त्यानंतर शब्दाचा अर्थ उलटा झाला. ‘आमचं घर गुंठेवारीत आहे’ म्हणजे कागद अपुरे आहेत. ‘आमची गुंठेवारी झाली’ म्हणजे पैसे भरून दाखला हातात आला. दुखणं आणि औषध, दोघांना एकच नाव. माझ्या वडिलांनी तो दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या कप्प्यात ठेवला होता. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनी तोच उचलला.

नागपूरहून

इकडे प्लॉट ‘पाडत’ नाहीत, ‘लेआउट टाकतात’. बिनशेती हा शब्द आमच्या कानाला पश्चिमेकडचा वाटतो, इकडे ‘अकृषक’. महसूल संहितेत ‘अकृषिक’ आहे. शहरातल्या सरकारी जागेला ‘नझूल’ म्हणतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो.

आणखी एक सुंदर शब्द, ‘आखीव पत्रिका’. तुमच्याकडे तिला मिळकत पत्रिका किंवा सरळ प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. कोरीव, घोटीव, रेखीव, तसं आखीव. कोणीतरी आखलं म्हणून ते आखीव. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच प्रत्ययात सापडेल असं मला वाटतं. आरक्षणाच्या आधी आपण ‘राखीव’ म्हणत होतो ना? राखीव कुरण, राखीव रान. राखीव म्हटलं की राखणदार आलाच. ‘आरक्षण’ या नामात तो हरवला.

नगररचनेच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेला एक जण

चर्चा मनापासून आवडली. काही शब्दांची उकल करतो, कारण त्यांच्या गोंधळात माणसांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे.

लोक ‘विकास आराखडा’ किंवा ‘डीपी’ म्हणतात. (खेड्यात डीपी म्हणजे विजेची पेटी, त्यामुळे ‘डीपीतून रस्ता जाणार’ हे वाक्य एका आजोबांना मला तीनदा सांगावं लागलं होतं.) कायद्यातला शब्द ‘विकास योजना’. हा कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्यात पायऱ्या आहेत. आधी स्थानिक संस्था योजना करण्याचा ‘इरादा’ जाहीर करते. हा नेमका शब्द आहे, आणि तो मला फार प्रामाणिक वाटतो. मग आजचा जमीन वापर नकाशावर चढतो. मग ‘प्रारूप’, म्हणजे कच्ची, योजना प्रसिद्ध होते आणि कलम २६ प्रमाणे ३० दिवसांत हरकती व सूचना मागवतात. त्यावर नियोजन समितीपुढे सुनावणी, आणि शेवटी शासनाची मंजुरी.

आता विभाग, आरक्षण आणि बाधित हे तीन शब्द वेगळे करू. विभाग म्हणजे झोन, म्हणजे त्या पट्ट्यात काय चालेल आणि काय नाही. ‘विभाग’ ऐकून लोकांना कार्यालय आठवतं, म्हणून ते झोन म्हणतात किंवा पिवळा पट्टा, हिरवा पट्टा म्हणतात. तेच बरं. आरक्षण म्हणजे ठरावीक तुकडा बागेसाठी, शाळेसाठी, मंडईसाठी राखणं. तो मोबदला देऊन ताब्यात घ्यायचा असतो आणि घेईपर्यंत मालकी तुमचीच असते. ‘बाधित’ हा दोन्हींच्या परिणामाचा शब्द.

एनएचा याच्याशी लोक समजतात तेवढा संबंध नाही. बिनशेती ही महसूल खात्याची गोष्ट, झोन नगररचनेचा. ‘प्लॉट एनए आहे’ एवढ्या वाक्यावर जन्माची पुंजी देणारी माणसं मी पाहिली. जागा एनए असून तिच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण असू शकतं. विकणारा खोटं बोललेला नसतो, त्यानं फक्त अर्धा शब्दकोश वापरलेला असतो.

‘पर्चेस नोटीस’, म्हणजे खरेदी सूचना, हाही असाच शब्द. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. पूर्वी त्यानंतरची मुदत ६ महिने होती, पुढे १२ झाली, २०१५ पासून २४. त्या मुदतीत ठोस काही झालं नाही तर आरक्षण ‘व्यपगत’ होतं, म्हणजे आपोआप संपतं. या नोटिशीला कचेऱ्यांतसुद्धा खरेदी सूचना म्हणतात. खरं तर खरेदी सूचनेचं कलम ४९ आहे, आणि त्याच्या अटी निराळ्या आहेत. अर्जात कलमाचा आकडा चुकला तर वर्षं जातात.

एका शब्दावर तर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. कलम १२७ मध्ये संपादनासाठी ‘स्टेप्स’ उचलल्या नाहीत तर, असं म्हटलं आहे. मग नुसता ठराव करून प्रस्ताव पाठवला, तर ते पाऊल म्हणायचं का? २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात न्यायालयाच्या बहुमतानं सांगितलं की नाही. संपादनाच्या दिशेनं खरोखर पडलेलंच पाऊल धरायचं, कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेल्यानं ते पडत नाही. शब्दचर्चा करणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

मूळ विचारणा करणारी

काका, फार उपकार झाले. ‘व्यपगत’ आईला म्हणून दाखवला, ती म्हणाली, “निवर्तलं म्हणायचंय का त्यांना?”

नागपूरकरांच्या ‘राखीव’वरून मला याहून जुनी जोडी आठवली, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे राहायची. मातीची घरं पिढ्यान्‌पिढ्या पडत गेली, त्याच जागी पुन्हा बांधली गेली, त्यातून जी फिकट माती साठली तिच्यावरून पांढरी. उत्खनन करणारे आजही पांढरीचं टेकाड शोधतात. जुन्या कागदांत ‘समस्त पांढरी’ म्हणजे गावची वस्ती, गावची माणसं. म्हणजे जमिनीच्या वापराचे रंग आपण आधीच ठरवलेले होते. काळी-पांढरीच्या जागी आता हिरवा-पिवळा आला. फरक एवढाच, की पांढरी हे जागेचंही नाव होतं आणि तिथे राहणाऱ्यांचंही. ‘समस्त पिवळा’ असं कोणी म्हणणार नाही. पिवळ्या पट्ट्यात माणसं नाहीत, फक्त क्षेत्रफळ आहे.

गावठाण हा शब्द तेवढा टिकला. गावाचं ठाण, म्हणजे स्थान. त्याच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन ठरावीक कर भरल्यावर बिनशेती झाली असं मानण्याची तरतूद महसूल संहितेत केली गेली, कलम ४२-ड. अशा मानण्याला कायद्याच्या मराठीत ‘मानीव’ म्हणतात. आखीव, राखीव, मानीव. हे तीन शब्द आपल्या भाषेत तयार असताना आपण डीम्ड का म्हणत बसतो?

‘बाधित’ मात्र मला सहन होत नाही. बाधा होते ती भुताची. पूरबाधित, रोगबाधित, आणि त्याच ओळीत आमचं अंगण. पुराला कोणी अर्ज देत नाही. रस्त्याबद्दल देता येतो, पण शब्द वाचून तसं वाटतच नाही.

म्हापशाहून

गोव्याची थोडी भर घालतो. आमच्याकडे पिवळा-हिरवा म्हणत नाहीत, ‘सेटलमेंट’ (वस्तीची जागा) आणि ‘ऑर्चर्ड’ (बागायतीची) म्हणतात. शेतकरीसुद्धा ‘माझी जागा सेटलमेंटमध्ये आहे’ असंच सांगतो. मराठी वर्तमानपत्रांत मात्र ‘भूरूपांतर’ हा शब्द पक्का रुजला आहे, आणि तो मोर्च्याच्या फलकावरही लिहिला जातो. ‘रूपांतर’ एरवी गोष्टीचं किंवा नाटकाचं होतं. इथे शेताचं रूप जातं, म्हणून हा शब्द लोकांना टोचतो. तो टोचतो म्हणूनच कामाचा आहे, असं माझं मत. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (म्हणजे २०११ सालापर्यंतचा) लोकांच्या आंदोलनानंतर २००७ मध्येच रद्द झाला, तेव्हा ‘आराखडा’ हा कचेरीतला शब्द वाड्यावाड्यांवर पोचला होता.

सांगलीहून, पुन्हा

‘हरकत’ राहिला की! अरबीत त्याचा अर्थ हालचाल. आपल्याकडं तो अडथळा, आक्षेप झाला. पण रोजच्या बोलण्यात आपण तो फक्त नकारात वापरतो : ‘हरकत नाही.’ पाणी मागितलं, हरकत नाही. उशीर झाला, हरकत नाही. दिवसातून वीस वेळा हरकत नाही म्हणणाऱ्या माणसाला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ‘हरकती मागविण्यात येत आहेत’ दिसलं, तर ते आपल्यासाठी आहे असं त्याला कसं वाटावं? आणि ‘सूचना’ म्हणजे नोटीसही आणि सुचवणंही. ‘हरकती व सूचना मागविण्याबाबतची जाहीर सूचना’ हे वाक्य आमच्या गल्लीत मी चौघांना वाचायला दिलं. तिघांनी सांगितलं, नगरपालिका काहीतरी सूचना देणार आहे.

नगररचनेच्या कामातला

अगदी खरं आहे. सुनावणीला येणारे बहुतेक अर्ज ‘विनंती’ या शब्दानं सुरू होतात. ‘आमच्या गरिबाच्या जागेवर आरक्षण पडले आहे, तरी मेहेरबान साहेबांनी ते काढावे.’ कायद्यानं हरकत मागितली आहे आणि माणूस विनंती लिहितो आहे. समितीसमोर दोन्ही अर्ज सारखेच, पण विनंतीत कारण नसतं. हरकतीत ते लिहावंच लागतं : पर्यायी रस्ता कुठून नेता येईल, मोजणीत काय चुकलं, शाळेसाठी शेजारी सरकारी जागा आहे का. सुनावणीत बोलायला मुद्दा लागतो आणि तो कागदावर आधी यावा लागतो.

ताई, तुमच्या दाखल्यात ‘मंजूर विकास योजना’ असं आहे. ती केव्हा मंजूर झाली ते पाहा. २० वर्षांतून एकदा तरी योजना सुधारायची असते. सुधारित योजनेचा इरादा जाहीर झाला असेल, तर प्रारूप निघाल्यावर तुमचे ३० दिवस पुन्हा सुरू होतील.

मूळ विचारणा करणारी

पाहिलं, काका. इरादा जाहीर झालेला आहे, प्रारूप अजून यायचं आहे.

काल संध्याकाळी आईला दाखल्यातलं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं, या वेळी करणारे घालून : ‘नगरपरिषदेनं योजना तयार केली, शासनानं ती मंजूर केली. त्या योजनेत आपल्या जागेच्या पूर्व बाजूनं १२ मीटर रुंदीचा रस्ता आखला आहे. जागा अजून नगरपरिषदेनं घेतलेली नाही, ती तुझ्याच नावावर आहे.’ आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आखणाऱ्यानं इथे येऊन बघितलं होतं का?”

हरकतीच्या अर्जाचा मसुदा आत्तापासून लिहायला घेतला आहे. पहिलं वाक्य ‘आमची मिळकत बाधित होत आहे’ असं लिहायचं नाही, एवढं ठरवलं आहे. ‘आपण आमच्या अंगणातून रस्ता आखला आहे’ असं लिहिलं तर उद्धट वाटेल का? काकांनी आणि बाकीच्यांनी कृपया सुचवावं.