इन्स्टॉलरमधून फक्त ड्रायव्हरच्या फायली कशा काढाव्यात?

प्रश्न (सातपूर, नाशिक): आमच्या वर्कशॉपमधील लेथ ज्या यूएसबी-सिरियल केबलने संगणकाला जोडलेले आहे, तिचा जुना इन्स्टॉलर नव्या विंडोजवर ‘आवृत्ती जुळत नाही’ एवढेच सांगून बंद पडतो. त्यातील ड्रायव्हर वेगळा काढता येईल का?

उत्तर १: सेव्हन-झिप या फायली उलगडणाऱ्या प्रोग्रामने ती एक्सई फाइल (म्हणजे इन्स्टॉलर) उघडून पाहावी. आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती), सिस (खुद्द ड्रायव्हर) व कॅट (डिजिटल स्वाक्षरी) या फायली दिसल्यास संपूर्ण फोल्डर बाहेर काढून डिव्हाइस मॅनेजरच्या ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये त्याचा मार्ग द्यावा.

उत्तर २: काहीच दिसले नाही, तर इन्स्टॉलर चालवून संदेशाची खिडकी तशीच उघडी ठेवावी आणि विंडोजचे तात्पुरत्या फायलींचे टेम्प फोल्डर तपासावे, कारण अनेक इन्स्टॉलर तेथे फायली उलगडतात आणि बंद होताना त्या पुसून टाकतात.

उत्तर ३: आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून केबलचा हार्डवेअर आयडी (ज्यावरून विंडोज उपकरण ओळखते) त्यात आहे ना, हे आधी पाहावे. नसल्यास तो स्वतः लिहिण्याचा मोह टाळावा. एक अक्षर बदलले तरी कॅट फाइलमधील स्वाक्षरी जुळत नाही आणि ६४-बिट विंडोज ड्रायव्हर नाकारते.

प्रश्नकर्ता: टेम्पमध्ये सापडले, आयडीही जुळला. केबलचा सिरियल पोर्ट कॉम ३ म्हणून दिसू लागला आहे.